आगोटीचं साल

श्रीवर्धनात मे महिना सुट्टीचा नसतो, आगोटीचा असतो. पावसाचे चार महिने घर चालेल एवढं सगळं मृगाआधी आत यायला हवं: तांदूळ, मीठ, हळद, मसाला, सोडे, सुके बोंबील, जवळा, आमसुलं, चिंच, जळाऊ लाकडं, नारळाची सोडणं. पाऊस लागला की जीवना बंदरातल्या होड्या वर ओढल्या जातात, ताजी मासळी थांबते, लाकूड पेटत नाही आणि वाळवण म्हणून काही उरत नाही. आता दुकानात बारा महिने सगळं मिळतं, म्हसळ्याचा रस्ता भर पावसातही चालू असतो. तरी आगोट भरल्याशिवाय आमच्याकडच्या बायकांना झोप लागत नाही. माझ्या आईला तर नाहीच.

२०२० साली मी शिमग्याला माहेरी आले. होळी ९ मार्चला होती. लेकीला थोडे दिवस आजीकडे ठेवावं आणि महिनाअखेर परतावं, असा बेत होता. २२ तारखेच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, २३ला जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि २५ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देश बंद झाला. गुढीला साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. आईने लेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "गोड ते गोड." नवरा मुंबईत होता. पाणीपुरवठ्याचं काम, त्याला सुट्टी नव्हतीच. एसटी थांबली होती. सावित्रीच्या मुखावर बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोटही थांबली. पलीकडचा बाणकोटचा किल्ला डोळ्यांना दिसतो, तिथल्या गावांत आमच्या गावाच्या लेकीसुना आहेत, पण पाणी ओलांडलं की जिल्हा बदलतो.

त्या साली टाळेबंदीबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक शहरातल्या खिडकीतून लिहिलेलं होतं. माझ्या मनात तो उन्हाळा वेगळा आहे, आणि तो मला अजून कुठे वाचायला मिळालेला नाही. घर बंद करून बसणं कोकणातल्या माणसाला नवीन नाही, दरवर्षी चार महिने तो ते करतो. नवीन होतं ते भरायच्या दिवसांत बंद राहणं.

आगोटीचा पैसा सुपारीतून येतो. श्रीवर्धनची ओळख पेशव्यांचं मूळ गाव म्हणून सांगितली जाते. बाळाजी विश्वनाथ इथले, त्यांचं स्मारक गावात आहे. पण गावाचं पोट चालतं ते वाड्यांवर. श्रीवर्धनी रोठा सुपारीला घाटावर मान आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र याच गावात आहे. थंडीत सुपारी पाडतात. पाडणारा गडी एका पोफळीवर चढतो आणि शेंड्यावरून झोका घेत शेजारच्या पोफळीवर जातो, जमिनीला पाय न लावता. मग महिना-दीड महिना ती अंगणात वाळते, बायका ती सोलतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर व्यापारी उचलतो. त्या पैशातून वाण्याची मागची उधारी फिटते आणि आगोट भरते.

त्या वर्षी देशभरातल्या पानटपऱ्या बंद होत्या. थुंकणं हा गुन्हा ठरला होता. पानच नाही तर सुपारी कोण घेणार? आमच्या ओटीवर पोती भिंतीला लावून ठेवलेली, रोज दिसायची. दादा त्यांच्याकडे न बघता आत-बाहेर करायचा. आळीत ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांकडे हीच गत: माल घरात, पैसा नाही. ज्यांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या होत्या त्यांचा मे महिनाही कोरडा गेला, कारण हरिहरेश्वर आणि दिवेआगरला येणाऱ्या गाड्या मुंबई-पुण्यातच उभ्या होत्या. वाण्याने मात्र वही मिटली नाही. यादी फोनवर पाठवायची, त्याचा मुलगा पिशवी भरून बाहेर ठेवायचा, हिशेब नंतर. त्या हंगामात गावात किती घरांची चूल त्या वहीवर पेटली, याची नोंद कुठल्या अहवालात आली नसेल. ती वहीतच आहे.

रोजचं काम दादाकडे होतं. घरातून एकाने बाहेर पडायचं, दुकानं सकाळी काही तास उघडी, दारासमोर चुन्याने आखलेली वर्तुळं. बाबा ७२ वर्षांचे, साखरेचे पेशंट, त्यांना इन्सुलिन लागतं. औषधाच्या दुकानात ते संपलेलं असलं की दादा माणगावला जाणाऱ्या कुणालातरी चिठ्ठी द्यायचा. दुधाच्या गाडीवाल्याला, कधी रेशनच्या टेम्पोवाल्याला. गावातली निम्मी औषधं त्या महिन्यांत अशी, कुणाच्या तरी खिशातल्या चिठ्ठीवर आली. चिठ्ठीवर नाव, औषध आणि आळी एवढंच असायचं, आणि बाटली बरोबर दारात यायची.

ताम्हिणी उतरून येणारी घाटावरची भाजी दुर्मीळ झाली. मग परसाकडे लक्ष गेलं. शेवग्याचा पाला, केळफूल, फणसाची कुयरी, पुढे आठळ्या. माझ्या लेकीने पहिल्यांदा केळफूल सोललं आणि बोटं काळी झाली म्हणून रडली. आईने त्यांना खोबरेल तेल लावायला शिकवलं, आधी लावायचं असतं हेही. भाची दहावीला होती. २३ मार्चला व्हायचा भूगोलाचा पेपर आधी पुढे गेला आणि मग रद्दच झाला. नकाशे रंगवून ठेवलेली वही तिने कितीतरी दिवस आवरली नाही.

जीवना कोळीवाड्याचं दुखणं आणखी वेगळं. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली, पण होडी समुद्रात गेली म्हणजे धंदा झाला असं होत नाही. बर्फ हवा, डिझेल हवं, मुंबईचा बाजार हवा. बाजार गाठता येईना, तेव्हा ओलं जे खपलं नाही ते वाळत पडलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी कोळीण एप्रिलअखेर आली, तोंडाला पदर बांधून, फाटकाबाहेरच थांबली. "काकू, आत नाय येत. टोपलीच पुढं सरकवते." आईने सोडे घेतले, जवळा घेतला, नेहमीपेक्षा जास्तच. पैसे पुढच्या खेपेला देते म्हणाली. ती म्हणाली, असूंदे. पैसा कुणाकडेच नव्हता आणि माल हलत राहिला, हे मी त्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलं.

मिरची उशिरा आली. मसाला कुटायच्या गिरणीत गर्दी नको म्हणून नंबर लागले. आमचा नंबर मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. वहिनी पहाटे पाचला उठून मिरच्या भाजायला बसली. मास्क लावून मिरची भाजणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. तिला तो बराच वाटला, दरवर्षीचा ठसका चुकला म्हणाली.

याच सुमारास मुंबईहून माणसं यायला लागली. पास मिळालेली गाडीने, न मिळालेली महामार्गाने चालत. गावाने त्यांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस. घरून डबा जायचा, कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा, माणूस मागे सरला की त्याने उचलायचा. आमच्या आळीतली एक म्हातारी रोज डबा ठेवून दहा पावलं मागे यायची आणि मुलगा जेवेपर्यंत उन्हात उभी राहायची. काही ठिकाणी रस्त्यावर बांबू आडवे टाकले गेले, फलक लागले. ज्यांच्या पाठवलेल्या पैशांवर देवळांची छपरं झाली त्यांनाच वेशीवर थांबवलं, हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. पण भीती खोटी नव्हती. तालुक्याला एक उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढचं सगळं घाटाच्या पलीकडे. आशाताई दारोदार फिरून ताप विचारत होत्या. त्यांच्यातली एक सांगत होती, की घरी गेल्यावर ती स्वतःच्या मुलाला आंघोळ केल्याशिवाय जवळ घेत नाही, आणि मूल तोवर दाराशी बसून राहतं.

२५ मेला ईद झाली. रमजानचा पूर्ण महिना टाळेबंदीत गेला होता, नमाज घरोघरी झाली. आमच्या पलीकडे चाचीचं घर आहे. खाली-वर चार खोल्या, वर स्लॅब, सगळी दुबईची कमाई. धाकट्याचं तिथलं काम सुटलं होतं आणि परत यायला विमान नव्हतं. खास विमानं मेमध्ये सुरू झाली तरी त्याचा नंबर लागला नव्हता. तरी शीरखुर्म्याची वाटी गडग्यावरून आली. आईने तीच वाटी धुऊन तिच्यात नवा मसाला भरून परत दिली. रिकामं भांडं परत करायचं नसतं.

मे संपत आला तेव्हा आमची आगोट भरली होती. उशिरा, उधारीवर, पण भरली होती. मसाल्याची बरणी, सोड्यांचे डबे, पापड-कुरडयांचे पत्र्याचे डबे, आमसुलांची बरणी, तांदळाची कणगी. आणि पिढ्यान् पिढ्या ठेवतात तसं आईने ते माळ्यावर ठेवलं. कोकणातल्या घराला ओल खालून लागते, जमिनीतून. सुकं जे आहे ते वर, कौलांखाली, चुलीच्या धगीला. हे ज्ञान चुकीचं नाही. शेकडो पावसाळे त्यावर निघाले आहेत.

१ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा वाढत असल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी त्याचं वादळ झालं, नाव निसर्ग. ते नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. जुन्या माणसांना २००९चं फयान आठवलं, त्यामुळे नुसतं जोराचं वारं येईल अशीच समजूत होती. कोळीवाड्यातून आणि कच्च्या घरांतून माणसं हलवायला सुरुवात झाली. हलवायची कुठे, तर शाळांतच, जिथे कालपर्यंत अंतर राखून माणसं ठेवली होती. ३ जूनपासून राज्यात 'मिशन बिगिन अगेन' सुरू व्हायचं होतं. सकाळी पाच ते संध्याकाळी सात समुद्रकिनाऱ्यावर फिरायला परवानगी, असं त्या आदेशात होतं.

त्या सकाळी पाऊस होता. साडेअकराच्या पुढे वारं असं लागलं की आवाजाला दिशा राहिली नाही. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे दुपारी साडेबारा ते अडीच या दोन तासांत वादळ किनारा ओलांडून आत आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह. श्रीवर्धन आणि दिवेआगर त्याच्या तोंडावर होते. पोफळ वाकते, वाऱ्यात लवणं तिच्या अंगात आहे. आधी त्या वाकल्या, जमिनीला टेकतील अशा. मग मधूनच मोडायला लागल्या, फटाफट, एकामागून एक. माड मुळासकट आले. मग कौलं सुटली. माजघरात आम्ही सगळी, आणि वरून ऊन पडावं तसा उजेड पडला. आईने वर बघितलं आणि पहिला शब्द काढला तो "माळा."

वरची ओल कुणी धरलीच नव्हती.

चाचीचा मोठा मुलगा कसा आला ते आठवत नाही. दाराशी उभा राहून हाका मारत होता. बाबांना त्याने आणि दादाने हातांची पालखी करून उचललं, लेकीला मी पोटाशी धरलं, आणि गडगा ओलांडून आम्ही स्लॅबच्या घरात गेलो. तिथे आधीच तीन घरांची माणसं होती. एका खोलीत आम्ही एकवीस जणं. अडीच महिने एकमेकांशी हातभर लांबून बोलणारी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, पोरं कुणाच्याही मांडीवर. मास्क कुणाच्या तोंडाला होता, कुणाच्या गळ्यात. कुणी काही बोललं नाही. चाचीने चहा टाकला, दूध नव्हतं, कोरा. बाबांनी तिला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे किती जणं झालो?" ती म्हणाली, "भाऊ, मोजू नका."

आजाराचं पुढे काय झालं हे मला बरेच जण विचारतात, म्हणून सांगते: आमच्या त्या खोलीतलं कुणी आजारी पडलं नाही. ते नशीब होतं. तसं झालं नसतं तरी आम्ही तिथेच गेलो असतो.

संध्याकाळी वारं पडलं तेव्हा परस ओळखू येईना. पोफळींच्या वाडीत दुपारीही सावली असते. तिथे उघडं आकाश होतं आणि पहिल्यांदाच आमच्या ओटीवरून थेट समुद्र दिसला. आई तो बघायला थांबली नाही. ती माळ्यावर चढली. पापडांचे डबे वाऱ्याने आपटून उघडले होते, आत लगदा. सोडे भिजलेले. मसाल्याची चिनी मातीची बरणी तडकली होती आणि पावसाच्या पाण्याबरोबर तांबडा ओघळ भिंतीवरून माजघरात उतरला होता. ती खूण नंतर दोनदा चुना लावूनही गेली नाही.

५ जूनला वटपौर्णिमा होती. आळीतला वड आडवा पडलेला, फांद्यांचा ढीग. पडलेल्या खोडाभोवती फेरे घालता येत नाहीत. वहिनीने उघड्या मुळांशी हळदकुंकू वाहिलं आणि घरी येऊन धड कौलं वेचायला बसली. त्याच दिवशी मुख्यमंत्री अलिबागला आले, रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली. आमच्याच जिल्ह्याची ती बातमी आम्हाला कळायला चार दिवस लागले, कारण वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे पडले होते. नवऱ्याने तिकडे चार दिवस काय काढले असतील! दादा झाडं तोडत रस्ता करणाऱ्यांच्या मागोमाग मोटारसायकल घेऊन म्हसळ्याच्या पुढे गेला, रेंज आली तिथे थांबून त्याने फोन लावला. बोलला एवढंच: "सगळी आहोत. घर नाही."

आता कामं बदलली. कालपर्यंत कोथिंबीर आणि गोळ्या आणायच्या होत्या. आता पाणी, कौलं, ताडपत्री, मेणबत्त्या. पंप बंद म्हणून विहिरीवर लोटलो, पण रहाट कधीचा काढून टाकलेला. दोर आणि कळशीने पाणी ओढताना तळहात सोलले. फ्रीज बंद म्हणून बाबांचं इन्सुलिन मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत, ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. ही युक्ती आशाताईंची. जनरेटर असलेल्या एका घरी फोन चार्ज करायला रांग लागायची. घरं शाकारायला माणसं नव्हती आणि कौलंही नव्हती, कारण सगळ्या किनाऱ्याला एकाच आठवड्यात छप्पर हवं होतं. महावितरणच्या टोळ्या दुसऱ्या जिल्ह्यांतून आल्या, चिखलातून खांब खांद्यावर वाहून नेत होत्या. आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे गेले, आतल्या वाड्यांना त्याहून जास्त. तोवर मृगाचा पाऊस उघड्या घरांत पडत राहिला.

नुकसानभरपाईचं गणित समजून घ्यायला हवं, कारण कोकणाचं दुःख त्यात आहे. फळबागांची मदत हेक्टरी १८,००० होती ती ५०,००० केली. मोठी वाढ. पण श्रीवर्धनात हेक्टराने वाडी कुणाची? इथे हिशेब गुंठ्यांत. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टराचा दहावा हिस्सा, हाती आले पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत सुपारी, माड, केळी, मिरीचे वेल आणि जायफळ एकमेकांच्या सावलीत उभे असतात, आजोबांनी लावलेले. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. मोडलेलं खोड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी त्यात निघत नव्हती. आणि नवं रोप लावलं तरी पहिली सुपारी दिसायला पाच ते सात वर्षं.

ऑगस्टमध्ये गणपतीला एसटी सुटली. १२ ऑगस्टच्या आत पोचा, दहा दिवस घरात राहा, असा नियम होता. नवरा ११ला आला. ओटीवरच्या पोत्यांतली सुपारी तोवर बुरसलेली होती. दादाने त्याच पावसात संशोधन केंद्रातून श्रीवर्धनी वाणाची रोपं आणून लावली, मोडक्या खोडांच्या मधल्या जागेत. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली आणि मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. रोपं गुडघाभर होती, वाचली. आईने त्या वर्षी माळ्यावर काही ठेवलंच नव्हतं.

गेल्या मेमध्ये मी आगोटीला गेले होते. काही रोपांना पहिली पोय आली आहे, अजून फार नाही. ओटीवरून समुद्र अजून दिसतो, पण पूर्वीइतका नाही. मसाला कुटून आला त्या दिवशी आईने तो चाळून दोन बरण्यांत भरला, दादरा बांधला. एक चुलीमागच्या फळीवर गेली. दुसरी लेकीने उचलली, आणि सांगावं लागलं नाही, ती गडगा ओलांडून चाचीच्या स्लॅबखाली ठेवून आली. येताना तिच्या हातात चाचीची आमसुलांची बरणी होती. ती आमच्याकडे असते. त्यांच्या घरात मुंग्या फार आहेत.